बारा रकान्यांचं मशीन

"आता माह्यं नाव मार," उकंडराव पाटील म्हणाले आणि त्यांनी तोंडातला पानाचा लगदा एका गालातून दुसऱ्या गालात लोटून दुकानाच्या पायरीवरून पिचकारी सोडली. निम्मी खाली गेली, निम्मी पायरीवरच पडली. "पुरं मार. आंधी माननीय, मंग सरपंच, मंग श्री, मंग नाव."

जानराव कारकुनानं मारलं. खट खट करत नाव उमटलं. पाटलांनी कागद खसकन ओढून काढला, उजेडात धरला, डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला. लहान पोराचं बारसं असावं तसा चेहरा केला.

"लालमंदी मार आता."

जानरावनं तेच लाल शाईत मारलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. पिंपळगाव राजाच्या ग्रामपंचायतीला मराठी टाइपरायटर मंजूर झाला होता. सदुसष्ट साल होतं. वरून पत्र आलं होतं, की यापुढं कागद मराठीत आणि होईल तिथं मशीनवरच. तेव्हा सरपंच उकंडराव, पंच शंकरराव, बायकांच्या जागेवरच्या पंच वच्छलाबाई आणि कारकून जानराव असे चौघे पहिल्या एसटीनं बुलढाण्याला आले होते. बोथ्याच्या घाटात शंकररावांना उलटी झाली होती. तिचा वास त्यांच्या धोतराच्या सोग्याला अजून होता, आणि त्याच अंगानं ते दुकानभर वाकून वाकून मशीन पाहत होते. काडीनं कान कोरायचे, काडी पाहायचे, आणि त्याच बोटानं किल्ल्या दाबायचे. जानराव मागोमाग त्या किल्ल्या रुमालानं पुसत होता. नव्या वस्तूला असा हात लागलेला त्याच्यानं बघवत नव्हता.

टेबलावर मशीन दोन होती.

एक लहान, हिरवंगार, कातडी पिशवीत बसणारं. "मांडीवर घ्या, गाडीत बसून चालवा," असं दुकानदार म्हणत होता. त्याचं अक्षर मोठं, गोलमटोल, लग्नपत्रिकेवर असतं तसं. रिबिन अर्धी काळी, अर्धी लाल. पण गाडा, म्हणजे कागद गुंडाळून डावीउजवीकडं सरकतो तो दांडा, टीचभर. साधं पत्र गेलं तर गेलं.

दुसरं राखाडी, बोजड, जात्यासारखं. अक्षर बारीक आणि सरळ, काही नखरा नाही. गाडा मात्र हातभर लांब.

जानरावला ते राखाडी पाहिजे होतं. नुसतं पाहिजे नव्हतं, त्याचं सगळं त्याच्यावर टांगलेलं होतं, आणि ते काऊन, हे घरची आशाबाई सोडली तर कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याचा उजवा हात गेला होता.

दिसायला धड होता. पण लेखणी धरली की मनगटापासून थरथर सुटायची आणि अक्षराचा पार कचरा व्हायचा. वर्ष झालं होतं. खामगावच्या डॉक्टरनं पाहिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हटलं, हे आता असंच. आता हात म्हणजे कारकुनाचं काय असतं ते कारकुनालाच विचारा. त्यातून जानरावचा हात म्हणजे गावाचा अभिमान. त्याचा बाप कोणाच्या घरी मयत झालं की सांगावा घेऊन गावोगाव पळायचा, उन्हातान्हात, चप्पल काढून. पोरगा शिकला आणि तेच मयत पंचायतीच्या नोंदवहीत लिहू लागला. बावीस वर्षं गावात जो जन्मला आणि जो मेला, तो जानरावच्या अक्षरात. बापाला वाड्याच्या बाहेर उभं करणारे लोक पोराच्या अक्षराला मोती म्हणायचे. त्या मोत्यांवर त्यांची चूल होती.

वर्षभर कसं निभावलं ते त्यांचं त्यांना माहीत. उतारे घरी आणायचे. पहाटे कोंबड्याच्या आधी आशाबाई चुलीला जाळ घालायची आणि जानरावच्या उजव्या बाजूला येऊन बसायची. दोन्ही हातांनी त्याचं मनगट दाबून धरायची, तिफण धरावी तसं. तिला अक्षर येत नव्हतं. पण कुठं वळायचं, कुठं ढील द्यायची, हे तिच्या हाताला पाठ झालं होतं. कानामात्रा आला की ती आपोआप हात सैल सोडायची. एका उताऱ्याला दोन पहाटा जायच्या.

त्यातला सगळ्यात वैरी म्हणजे घरांच्या यादीचा कागद. धोतरासारखा रुंद, बारा रकाने, चार प्रती. गावात सातशे घरं.

म्हणून मशीन मंजूर झाल्याचं कळलं तसा जानराव दर रविवारी डोळे दाखवायला म्हणून खामगावला जाऊ लागला आणि तिथं टायपिंगच्या क्लासात बसू लागला. एक्कावन्नाव्या वर्षी. आजूबाजूला कॉलेजच्या पोरी, त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. सहा महिने हसू दिलं. तिथं त्याला एक गोष्ट समजली. किल्लीला थरथर कळत नाही. दाबली की दाबली, आणि उमटतं ते सरळच. पण बारा रकान्यांचा कागद चढेल असा गाडा मात्र पाहिजे.

"पाटील," त्यानं हलकेच म्हटलं, "घराच्या यादीचा कागद या हिरव्यात जात नाही. म्या लावून पाह्यला."

"घडी घालून लाव ना बे."

"घडी घालून कसा लागन? कारबन हाय, चार प्रती हायेत."

"जानराव," शंकरराव काडी दातांत धरून म्हणाले, "तू सकाळपासून त्या भुऱ्या रेड्याचीच तारीफ करून राह्यला. दुकानदारानं तुले काही चारलं का?"

दुकानदार हसला. "नाही हो साहेब. हमको तो दोनो बेचना है. पण खरं सांगू का, ऑफिसवाले भुरंच नेतात. लहान मशीन वकील नेतात, फिरतीवाले नेतात."

"म्हंजे वकिलाची चीज हाय," पाटील म्हणाले. त्यांना दुकानदाराचं एवढंच ऐकू आलं. "पाह्य शंकरराव. उद्या झेडपीत मीटिंग असली, पिशवी घेतली, गेलो. पिशवीतून काढलं, टेबलावर ठुलं. बाकीचे सरपंच पाह्यतच राह्यतीन."

"तुमाले मारता येते का त्याच्यावर?" वच्छलाबाईंनी विचारलं. त्या बाकड्यावर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर कुंकवाचा करंडा, नारळ आणि हळदीची पुडी. मशीन ठरलं की कुंकू लावायचं काम त्यांचं. मोट असो, शिवणयंत्र असो, एकदा कुंकू लागलं की ती वस्तू घरची झाली, ती दुकानात परत ठेवत नाहीत, हे त्या मुलखात काही सांगावं लागत नाही.

"मले काऊन मारता यायले पाह्यजे?" पाटील म्हणाले. "मी सरपंच हावो."

"तसं नाही. बैल घेतांनी औत कोन हाकनार हाय ते तं पाह्यते मानूस. ज्याले हाकाचं त्याले इचारा."

"त्यालेच इचारून राह्यलो ना," पाटील वैतागले. "जानराव, तू सांग बरं, माह्यं नाव कोन्त्या मशीनवर बरं दिसते? खरं सांग."

जानरावनं टेबलाकडं पाहिलं. नाव मारलेले वीस-बावीस कागद टेबलावर पडले होते. माननीय सरपंच काळे, माननीय सरपंच लाल, पंच शंकरराव लाल, शंकररावांच्या मेलेल्या बापाचंही नाव एका कागदावर, कैलासवासी लावून. मशीन पाहायला आले होते की आपलीच तोंडं पाहायला, हे त्याला उमजेना. त्या मोठ्या गोल अक्षरांकडं पाहून त्याला शिळं गोड खाल्ल्यासारखं झालं. सातशे घरं कोणाच्या डोक्यात नव्हती. लोकांना उतारा लागतो, दाखला लागतो, त्यासाठी म्हातारी माणसं पंचायतीच्या ओट्यावर दिवस दिवस बसतात, तेही नव्हतं.

"हिरव्यावर बरं दिसते," तो म्हणाला. "पन पाटील, यादी..."

"अबे यादी, यादी. यादी हातानं लिव्ह ना." पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुह्यं अक्षर म्हंजे मोती. मशीन आली म्हून का मोती उकिरड्यावर फेकाचे? साधे कागद मशीनवर, यादी तुह्या हातची. सारा जिल्हा पाह्यन."

"हाव," शंकररावांनी री ओढली. "मांगच्या सायबानं भर मीटिंगीत म्हटलं होतं, असं अक्षर नागपूरलेबी नाही."

बावीस वर्षं ज्या वाहवेवर जगला तीच आता गळ्याशी आली. ते खोटं बोलत नव्हते, मनापासून बोलत होते. म्हणून तर जानरावला जास्त किळस आली. वर्षभर आपणच हे मोती विकले होते, बायकोच्या हातानं.

"झालं मंग," पाटील म्हणाले. "वच्छलाबाई, या. लावा कुंकू हिरव्याले."

वच्छलाबाई उठल्या. करंड्याचं झाकण काढलं. बोट कुंकवात बुडवलं.

"थांबा बाई," जानराव म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. वच्छलाबाईंचं बोट हवेतच राहिलं. जानरावनं टेबलावरची दुकानदाराची लेखणी उचलली, पाटलांचंच लाल नाव असलेला एक कागद उलटा केला, आणि त्याच्यावर लिहायला घेतलं. "पिंपळगाव राजा." एवढंच लिहायचं होतं. प उमटला तो सरड्यासारखा पळाला. पुढचं तर काय वाचायचं. लेखणीचं टोक कागदात रुतलं, शाईचा शिंतोडा उडाला. त्यानं हात थांबवला नाही. पूर्ण लिहिलं आणि कागद पाटलांच्या पुढं सारला.

शंकररावांनी मान वाकडी करून पाहिलं. "हे का कोंबडी नाचवली?"

"असं येते आता," जानराव म्हणाला. "वर्स झालं."

"वर्स?" पाटलांनी तोंडातला लगदा चघळायचा थांबवला. "मंग हे उतारे? दिवाळीच्या मांगचे? ते कोनं लिवले?"

"म्याच. आशा मनगट धरून बसे."

रस्त्यावरून एक टांगा गेला. वच्छलाबाईंनी बोटाचं कुंकू आपल्याच तळहाताला पुसलं.

"दारू तं नाही ना पेत?" शंकररावांनी विचारलं. "दारूचा असा कंप सुटते. आमचा चुलता..."

"शंकरराव, तुमी उलटी पुसा आंधी सोग्याची," वच्छलाबाई म्हणाल्या. "सकाळपासून आमी नाक धरून बसलो. त्या मानसानं जिंदगीत ताडीबी पेली नाही, सारं गाव जानते."

शंकररावांनी सोगा मागं घेतला. पाटील कागदाकडं पाहत राहिले. माणूस काही दुष्ट नव्हता. गावात कोणाच्या घरी भाकर नसली की आपल्या कोठ्यातली ज्वारी पाठवणारा होता. पण त्याचं डोकं मामलेदाराच्या घोड्यासारखं, आधी वरच्या साहेबाकडं पाहायचं, मग रस्त्याकडं.

"मंग तं मोठंच घ्या लागन," ते शेवटी म्हणाले. "यादी तं झाली पाह्यजे. मार्चात सायब येऊन राह्यला." त्यांनी हिरव्या मशीनवरून एकदा हात फिरवला, सासरी जाणाऱ्या पोरीवरून फिरवावा तसा, आणि बाजूला झाले. "लावा कुंकू भुऱ्याले."

कुंकू लागलं. नारळ पायरीवर फुटला, तिथंच जिथं पिचकारी पडली होती. दुकानदारानं खोबऱ्याचे तुकडे वाटले. जानरावनं तुकडा हातात धरून ठेवला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. घरी जाऊन आशाला सांगायचं, उद्यापासून पहाटे झोप, एवढंच त्याच्या मनात होतं.

"आता मागणीपत्र द्या पंचायतीचं," दुकानदार म्हणाला. "चार प्रती. इथंच मारून द्या, नव्या मशीनवर. बोहणी होऊन जाईल. आणि मशीन कोणाच्या ताब्यात राहणार, चालवणाऱ्याचं नाव, ते खाली पाहिजे. गॅरंटीचं कार्ड त्याच्या नावानं निघतं."

जानरावनं कारबन लावले. चार कागद रुंद गाड्यावर चढवले. पाटलांनी मजकूर सांगितला, त्यानं मारला. ओळ संपली की घंटी वाजायची, गाडा परत लोटायचा. मधे एकदाही हात अडला नाही.

"चालवनार," पाटील म्हणाले आणि घुटमळले. मग शंकररावांकडं न पाहता म्हणाले, "लिव्ह. श्री. निवृत्ती."

निवृत्ती म्हणजे शंकररावांचा घरजावई. मॅट्रिकला दोनदा बसलेला, चावडीवर पत्ते कुटणारा.

जानरावची बोटं किल्ल्यांवरच राहिली. "पाटील?"

"आता पाह्य जानराव. समजून घे." पाटलांचा आवाज एकदम मऊ झाला, तुपासारखा. "हात असा. अशा मानसाच्या ताब्यात सरकारी मशीन देली, आन उद्या काही इकडचं तिकडं झालं, तं सायब माह्यीच गचांडी धरन. तुले कोनी काढून नाही राह्यलं. शिपाई म्हून राह्य. कुलूप उघड, सतरंजी टाक, घंटी वाजव. आन चार-आठ दिवस निवृत्तीले शिकवून दे."

"म्या सहा महिने शिकलो हे. खामगावले."

"म्हून तं म्हनतो ना, तू शिकवशीन."

"अन् सकाळपासून तुमचं नाव कोन मारून राह्यलं मंग?" वच्छलाबाईंनी विचारलं. "भुतानं मारलं का? काळं झालं, लाल झालं, बापाचं झालं. तवा हात दिसला नाही."

"ते खेळनं होतं, बाई."

"निवृत्तीले सोताची वहान उजवी का डावी ते समजत नाही. तो बारा रकाने भरन?"

"तुमी मधात नका बोलू," शंकरराव म्हणाले. "हे कामकाज हाय."

"मी पंच हावो. मले का कुंकू लावाले आनलं नुसतं?"

खरं तर त्यासाठीच आणलं होतं. पाटलांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, चुना मळला, आणि दुकानाबाहेर पाहत म्हणाले, "चाल जानराव. मार. दोनची गाडी चुकन."

जानराव बसून होता. उठावं, खुर्ची लोटून द्यावी, चालत घाट उतरावा, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याला पाटलांची किळस आली, त्या मऊ आवाजाची जास्त आली. शंकररावांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, त्याची आली. सगळ्यात जास्त आपली आली, की हात दाखवला तेव्हा या माणसांकडून आपण काहीतरी वेगळं धरून चाललो होतो. मग त्यानं कागदाकडं पाहिलं. कागद निम्मा भरला होता. निम्मा भरलेला कागद त्यानं बावीस वर्षांत कधी सोडला नव्हता, मयताचा असो की वऱ्हाडाचा.

त्यानं मारलं. श्री. टिंब. निवृत्ती. एकेक किल्ली, ठणठणीत. घंटी वाजली. गाडा लोटला. खाली तारीख मारली, सरपंच, पंच, अशा जागा सोडल्या, आणि सगळ्यात खाली, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मारलं: लिहिणाऱ्याची सही.

दुकानदारानं चारही प्रती सोडवून पाहिल्या. चौथी प्रत उन्हात धरली. "एक भी गलती नहीं," तो हळू म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही.

पाटलांनी सही केली, शेपटी लांब ओढून. शंकररावांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबून चार वेळा उठवला आणि तो धोतराला पुसला. वच्छलाबाईंपुढं कागद गेला. त्यांना सही येत होती, ती जानरावनंच पंचायतीच्या ओट्यावर शिकवली होती. त्यांनी कागद पाहिला, दुमडला नाही, फाडला नाही, आपल्यापुढून नुसता सरकवून दिला.

"मी नाही करत," त्या म्हणाल्या. "कोरम झाला असन तर तसंच न्या."

पाटलांनी कागद उचलला. "झालं. चाला."

"लिव्हनाऱ्याची सही राह्यली," जानराव म्हणाला.

पाटील थबकले. दुकानदारानं जानरावच्या हाताकडं पाहिलं आणि स्वभावानं भला म्हणून शाईची गादीच पुढं सारली. "अंगठा चालेल हो, भाऊ. कशाला त्रास."

जानरावनं ती गादी दोन बोटांनी बाजूला केली, मेलेलं पाखरू करावं तशी. लेखणी घेतली. डावा हात पाठीमागं नेला, म्हणजे तो आपणहून मनगट धरायला येऊ नये. आणि लिहायला लागला.

वेळ लागला. ज वाकडा झाला. कान्याची रेघ खाली घसरली, तिनं मशीनची अर्धी ओळ खाल्ली. न दोनदा तुटला. शंकररावांनी एकदा तोंड उघडलं आणि वच्छलाबाईंकडं पाहून मिटलं. पाटील तोंडातला बार थुंकायला पायरीपर्यंत गेले, आणि न थुंकताच परत आले. पहिली प्रत झाली. जानरावनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी ओढली. मग तिसरी. कपाळाचा घाम भुवईवर आला, तो पुसला नाही. चौथ्या प्रतीवर नाव सगळ्यात मोठं उमटलं, कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, बाराही रकान्यांतून जावं इतकं.

दुकानदारानं टीपकागद पुढं केला.

"राहू द्या," जानराव म्हणाला. "वाळन आपोआप."

त्यानं चारही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि लेखणीला टोपण लावलं. बाहेर स्टँडाकडून दोनच्या गाडीचा भोंगा वाजला. कोणी हललं नाही. शाई वाळेपर्यंत चौघेही टेबलाच्या चारी बाजूंनी उभे राहिले.